फोटोचं बारसं

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दर शुक्रवारी सकाळी आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पडदे ओढायचे, एसीचा जुना डबा मोठ्यावर करायचा म्हणजे त्याच्या घरघरीत पेटीचा आवाज बुडेल, आणि दाराबाहेरच्या चपला उचलून आत न्हाणीघराच्या भिंतीशी ओळीने लावायच्या. कुणी आम्हाला कधी काही बोललं नाही, पण दादाला भीती असायची. प्रार्थनेला माणसं यायची ती एकेकटी, दोघंदोघं, जिन्यात मोठ्याने न बोलता. दारात आली की दादा हळूच म्हणायचा, "सलाम, सलाम, या." आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसांत एकमेकांना सलामच म्हणतात. खालचा बंगाली वॉचमन बरेच दिवस आम्हाला मुसलमान समजत होता आणि शुक्रवारच्या नमाजाला हा माणूस जात कसा नाही, याचं त्याला कोडं पडलेलं असायचं. गाणी सुरू झाली की मागच्या मशिदीतून बांग येईपर्यंत चालायची. बांग आली की पेटी आपोआप थांबायची, मग ओळ अर्धी असली तरी. सगळे माना खाली घालून बसायचे, बांग संपायची, आणि भालेराव मावशी त्याच अर्ध्या शब्दापासून गाणं पुन्हा उचलायच्या. मला ते थांबणं फार आवडायचं. आता मी अल वक्राला राहते, मेट्रोने कामावर जाते, माझी मुलं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतात, आणि प्रार्थनेला जायला मोठी मोकळी जागा आहे. तिथे कुणाला थांबावं लागत नाही.

मी त्या घरात आले ती आई गेल्यानंतर. बाप आधीच गेला होता. बारावी झाली होती, पुढचं काही ठरलं नव्हतं, आणि नगरच्या घरात काकूने माझ्या ताटात वाढताना चमचा जरा वर धरायला सुरुवात केली होती. दादाने तिकीट पाठवलं. तो इथे एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत फोरमन होता, आणि विजया वहिनी एका खाजगी इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. दोघांचं लग्न होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं, हे मला काकूकडून कळलं होतं. वहिनीने ते कधीच काढलं नाही. पण माझ्या खोलीत, म्हणजे ज्या खोलीत मला झोपायला दिलं त्या खोलीत, भिंतीला टेकवून एक सागवानी पाळणा उभा होता. नगरच्या सुताराकडून करवून, सुटा करून, कार्गोने आणलेला. त्याच्यावर वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवायची.

ती कामावरून आली की आधी आंघोळ करायची, मग थेट ओट्याशी. तिच्या हाताला काळ्या मसाल्याची जी चव होती ती मला अजून जमलेली नाही. शुक्रवारी पहाटेच ती मटण चढवायची, आणि गाण्यांच्या वेळी तो वास पडद्यांतून बाहेर येऊन सगळ्यांची प्रार्थना बिघडवायचा. एक साळवे नावाचे ड्रायव्हर होते, एकटे राहणारे, बायको-मुलं श्रीरामपूरला. ते उघडपणे म्हणायचे, "वहिनी, प्रवचन जरा लहान ठेवा म्हणावं दादांना, आत रस्सा आटतोय."

पमेला या घरात आली ती लिफ्टमधून. दुसऱ्या मजल्यावर एक लेबनानी कुटुंब होतं, त्यांच्याकडे ती कामाला होती. केनियाची, मोठ्या सरोवराकाठच्या कुठल्याशा गावची. उंच, कमी बोलणारी, चालताना पाऊल न वाजवणारी. वहिनीच्या गळ्यातला क्रूस बघून तिने लिफ्टमध्ये विचारलं, "तुम्ही प्रार्थनेला कुठे जाता?" वहिनी म्हणाली, "कुठे नाही. आमच्याच घरी." तिच्या मॅडमने शुक्रवारी दुपारपर्यंत तिला सोडायचं कबूल केलं, कारण जायचं होतं एकच मजला वर. मराठी तिला एक अक्षर येत नव्हतं. ती शेवटी, चपलांच्या ओळीजवळ बसायची आणि शब्दांवाचून सूर धरायची. जेवणं झाली की न सांगता मोरीत उभी राहून भांडी घासायची. वहिनी रागवायची, "पाहुणी आहेस तू." ती म्हणायची, "खाली घासते ती कामाची. ही माझी." हे सगळं इंग्रजीत. मी इथे मराठीत लिहिते आहे, तिच्या बोलण्याचा धीमेपणा त्यात येत नाही.

त्या सुमारास सायमनभाऊ आले. ते पूर्वी दादाच्या हाताखाली एसी दुरुस्त करायचे. एका उन्हाळ्यात त्यांना पाचारण झालं, प्रभूने आपल्याला बोलावलं असं त्यांनी आमच्याच हॉलमध्ये उभं राहून रडत सांगितलं, नोकरी सोडली आणि बायकोला घेऊन आफ्रिकेत गेले. तिथे विधवांसाठी शिवणवर्ग आणि अनाथ मुलांसाठी आश्रम. वर्षाकाठी एकदा गावी जाता-येता ते दोह्यात उतरायचे. मी त्यांना वाईट माणूस म्हणून उभं करणार नाही. ते हडकले होते, मलेरियाने पिवळे पडले होते, आणि आमच्या वाढलेल्या ताटाकडे बघून म्हणाले होते, "एवढं एकट्याला?" त्यांनी मुलांचे फोटो आणले होते. ते गालिच्यावर मांडले आणि म्हणाले, "एकेका घराने एकेक लेकरू प्रार्थनेत दत्तक घ्या. मम्मी-डॅडी व्हा त्यांचे. त्यांना जगात कुणी नाही." वहिनी वाकली आणि तिने एक फोटो उचलला. चार-पाच वर्षांचा मुलगा, निळा स्वेटर, पायात मोठे बूट, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा. तिने तो निवडला नाही. हाताला आला तो घेतला, असं तिने नंतर नेहमी सांगितलं.

बारशाची कल्पना भालेराव मावशींची. त्या म्हणाल्या, लेकरू घरात आलं तर त्याचं बारसं नको का करायला. साळवे म्हणाले, "मावशी, लेकरू कुठं आलंय, फोटो आलाय." मावशी म्हणाल्या, "तुमची बायको तरी कुठं आलीय इथं? फोटोच आहे ना खिशात? मग तिला बायको म्हणता का नाही?" सगळे हसले. एका म्हाताऱ्या बाबांनी, फोटो पाळण्यात घालणं म्हणजे मूर्तिपूजा तर होत नाही ना, अशी शंका काढली. ती मावशींनी घुगऱ्यांच्या बेतावर बोलून बुजवून टाकली. मुलाला नाव नव्हतं का? होतं. फोटोच्या मागे सायमनभाऊंनी लिहिलेलंही होतं, पण ते आम्हाला नीट म्हणता येईना, आणि आपल्या घरच्या लेकराला आपलं नाव हवं यात त्या खोलीतल्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नाव आत्याने ठेवायचं असतं. दादाला बहीण मी एकटी. मी त्या आठवड्यात नावाशिवाय दुसरं काही केलं नाही.

तो शुक्रवार मला अजून दिसतो. माझ्या खोलीतला पाळणा हॉलमध्ये जोडून उभा केला, वहिनीने तेल लावून पुसला, आत तिच्या जुन्या लुगड्याची घडी घातली. भिजवलेले हरभरे उकडून, वर खोबरं-कोथिंबीर घालून घुगऱ्यांचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मावशींनी पाळणा म्हटला, प्रभूच्या जन्माचा, आमच्याकडे असतो तसा. मग फोटो वरून-खालून द्यायचा. बाळ नाही का आधी पाळण्याच्या वरून, मग खालून एकीने द्यायचं आणि दुसरीने परत करायचं, तसं. एका बाजूला वहिनी. दुसऱ्या बाजूला उंच बाई हवी म्हणून मावशींनी पमेलाला हाताला धरून पुढे ओढलं. तिला काही कळत नव्हतं, ती हसत होती. वहिनीने फोटो वरून दिला, तिने न बघताच परत केला. मग वहिनीने खालून दिला. तो घ्यायला पमेला वाकली, वाकलेलीच राहिली क्षणभर, आणि मग तिने फोटो परत वर दिला. मी पाळण्याशी गेले, फोटोतल्या मुलाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र करून म्हटलं, "आशिष." सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. पमेलाचा हात सगळ्यात हलका होता. नंतर तिने घुगऱ्या खाल्ल्या, पातेलं घासलं आणि खाली गेली. दादाने त्याच दिवशी सायमनभाऊंना ईमेल केला की आमच्या मुलाचं नाव आशिष.

पुढच्या शुक्रवारी मी ओट्यावर ताटं पुसत होते आणि ती मोरीत उभी होती. नळ चालू ठेवून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "नंदा, त्या दिवशी तू त्याच्या कानात काय सांगितलंस?"

"कुणाच्या?"

"पाळण्यातल्या मुलाच्या."

"नाव सांगितलं. आशिष. म्हणजे देवाचा आशीर्वाद."

ती ते पुटपुटून बघत होती. म्हणाली, "त्याचं नाव ओगुटू आहे. तो जन्मला तेव्हा फार रडायचा. आमच्याकडे मूल असं रडलं की घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. सासूने घेतली. ओगुटू म्हटल्यावर तो गप्प झाला. त्याच्या आजोबांचा बाप." मग नळ बंद करून म्हणाली, "तो माझा आहे."

मला आधी हसू आलं. ते हसू तोंडावर तसंच राहिलं. माझ्या हातातलं ताट मी पुन्हा पुन्हा पुसत होते. हॉलमध्ये साळवे कुणालातरी गावच्या निवडणुकीचं सांगत होते. मी विचारलं, मग त्या दिवशी का बोलली नाहीस. ती म्हणाली, "त्या दिवशी मी त्याचे बूट बघत होते. गाल बघत होते. भरलेत." तिचा नवरा सरोवरावर मासेमारी करायचा, तापाने गेला. दीर तिला बायको म्हणून घरात घ्यायला आला, तिकडे तशी रीत आहे. तिने नाही म्हटलं. नाही म्हटलेल्या बाईला त्या गावात राहता येत नाही, म्हणून पोर सासूकडे ठेवून ती आधी नैरोबीला आणि तिथून इथे आली. सासू फोनवर सांगायची की तो इंडियन लोकांच्या शाळेत जातो, तिथे जेवायला देतात. तिला वाटायचं, शाळा. "मला माहीत नव्हतं की तो अनाथ झालाय," ती म्हणाली. अगदी असंच म्हणाली. मग माझा दंड ओल्या हाताने धरला. "कुणाला सांगू नकोस. आई असलेल्या मुलाला जेवण कोण पाठवतं?"

मी कुणाला सांगितलं नाही. इथवर माझं वागणं मी आजही समजून घेऊ शकते. पुढचं लिहायला मला वहिनी जाईपर्यंत थांबावं लागलं. ती गेल्या वर्षी नगरला वारली. दादा तिथेच असतो, त्याला आता फारसं आठवत नाही.

सायमनभाऊंचे ईमेल यायचे, घरातल्या सगळ्यांनी वाचायचे. त्यातलं आशिषबद्दलचं मी पमेलाला शुक्रवारी मोरीशी सांगायची. ताप आला होता, उतरला. इंग्रजी अक्षरं लिहितो. ती हात थांबवून ऐकायची, सगळं अंग कान करून. पण ईमेल दर आठवड्याला येत नसत. "काही आलं नाही," असं मी दोनतीनदा सांगितलं, तेव्हा ती पातेल्याचा तळ घासत राहिली, चकचकीत झाल्यावरही. पुढच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "आलंय. त्याचा दात पडला."

"कुठला?"

"पुढचा. वरचा."

तिने स्वतःच्या दातावर बोट ठेवलं आणि हसली. एवढी उंच बाई, मोरीत उभी राहून, लहान मुलीसारखी. माझ्या एका वाक्याने कुणाला इतकं सुख झालेलं मी पाहिलं नव्हतं. मग मी थांबले नाही. तो पळण्यात पहिला आला. त्याने एका कोंबडीला नाव ठेवलं. त्याला भात आवडत नाही. "आवडत नाही? माझ्याकडे तर तो भातावर उडी मारायचा," असं ती म्हणाली तेव्हा मी घाईने म्हटलं, "आता आवडायला लागलाय." पोरकी मुलगी होते, कुणी माझ्याशी असं गोड खोटं बोलावं असं मला वाटायचं, म्हणून मी तसं केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते कारण मी नंतर शोधलेलं आहे. खरं एवढंच, की मला ते आवडायचं. त्या घरात मी कुणाच्या तरी वाढण्यावर जगत होते, आणि आठवड्यातून एकदा मी वाढणारी व्हायची.

एकदा तिने विचारलं, "माझं नाव काढतो का?"

मी म्हटलं, "काढतो. विचारतो, मम्मी कधी येणार."

तिने ओढणीने हात कोरडे केले, तोंड पुसलं. परत तिने ते कधी विचारलं नाही. तिला तेवढं पुरलं होतं.

इकडे पाळणा पुन्हा माझ्या खोलीत गेला नाही. तो हॉलच्या कोपऱ्यात राहिला, आत फोटो. वहिनी कामावर जाताना त्याला हात लावून जायची. सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, ती लहान मुलाचे शर्ट आणायला लागली, आधी अंदाजाने, मग सायमनभाऊंकडून माप मागवून. आणि एका दुपारी जेवताना दादा म्हणाला, "मी सायमनशी बोललो. मुलाला कुणी नाही, म्हणाला, तेव्हा कागद व्हायला अडचण नाही. वेळ लागेल. पण आणू त्याला. इथेच शाळेत घालू." तो वहिनीकडे बघून बोलत होता, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते. दादाला मी एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मी हातातला घास ताटात ठेवला.

"दादा, त्याला आई आहे."

"कुणाला?"

"आशिषला. पमेला त्याची आई आहे."

दादा माझ्याकडे बघतच राहिला, मी कुठल्यातरी दुसऱ्या भाषेत बोलले असावे तसा. वहिनी भाकरी मोडत होती. ती मोडायची थांबली नाही. तुकडा रश्श्यात बुडवून म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दादाने विचारलं, "विजया, काय माहीत आहे?"

"फोटो खालून दिला ना मी तिला. तिचा अंगठा त्याच्या तोंडावरून फिरला. असा." तिने ताटाच्या कडेवर अंगठा फिरवून दाखवला. "रोज बघते मी वॉर्डात. दुसऱ्या कुणाचा फिरत नाही तसा."

"आणि तू दर शुक्रवारी तिला ताट वाढतेस?"

"मग काय उपाशी ठेवू?"

"विजया."

"ती बोलली नाही, मी बोलले नाही. तिचं पोर दोन वेळा जेवतंय. माझा पाळणा रिकामा नाही. कुणाचं काय गेलं यात, तुम्ही सांगा मला." तिचा आवाज चढला नव्हता. वॉर्डातल्या नातेवाइकांना औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं ती बोलत होती. मला तिची भीती वाटली. आणि त्या भीतीतही एक हलकं वाटणं होतं, की बरं झालं, लपवणारी मी एकटी नव्हते.

दादा ताटावरून उठला. त्याने कधी अन्न टाकलं नव्हतं. हात धुऊन येऊन तो एवढंच म्हणाला, "येत्या शुक्रवारी फोन लावायचा. तिच्यासमोर."

त्या शुक्रवारी माणसं पांगल्यावर दादाने पमेलाला सोफ्यावर बसवलं. ती सोफ्यावर पहिल्यांदा बसत होती, कडेला. मी तिला आदल्या दिवशीच लिफ्टमध्ये सांगितलं होतं की घरात कळलंय. तिने फक्त विचारलं होतं, "जेवण बंद करणार का?" दादाने तसं होणार नाही असा शब्द दिला तेव्हा कुठे ती आली. तिने केस विंचरून नवा रुमाल बांधला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ना आत ना बाहेर. दादाने फोन स्पीकरवर टाकला. सायमनभाऊ म्हणाले, "सलाम दादा." दादा म्हणाला, "सलाम. आशिषला दे जरा." मागे मुलांचा गलका, कोंबड्या, कुणीतरी पळत गेल्याचा आवाज. मग अगदी जवळून एक बारीक, पाठ केलेला आवाज, इंग्रजीत: "गुड आफ्टरनून मम्मी अँड डॅडी. मी आशिष बोलतो आहे. आम्ही तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो."

पमेलाने त्याला तिच्या भाषेत हाक मारली. ओगुटू, एवढंच मला कळलं. तिने पुन्हा हाक मारली, आणखी काहीतरी बोलली, भराभर. तिकडून काही नाही. मग ती थांबली, आणि मी ठेवलेल्या नावाने तिने त्याला हाक मारली. "आशिष." ती ते नाव आमच्यासारखंच म्हणाली, कुणीही ओळखलं नसतं.

"येस, मम्मी," तो लगेच म्हणाला.

तिने त्याला सांगितलं असावं की मी तुझी मम्मी आहे. तो गोंधळला. इंग्रजीतच विचारलं, "कुठली मम्मी?"

ती काहीतरी म्हणाली. मग तो मुलगा नम्रपणे, चुकलेल्याला वाट दाखवावी तसा म्हणाला, "नाही, ती मेली. आम्ही तिच्यासाठी गाणं म्हटलं होतं."

पमेलाने फोनकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. मी काहीतरी सांगेन, अजूनही काही बातमी माझ्याकडे असेल, अशा नजरेने ती बघत होती. दर शुक्रवारी मोरीशी बघायची तशीच.

सायमनभाऊंनी फोन परत घेतला. दादाने मराठीत विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "आई आहे, दादा. बहुतेकांना आहे. कुणाची नैरोबीत, कुणाची आखातात. बाप नाही, आई जवळ नाही, मग अनाथ नाही तर काय म्हणू? तुम्ही इथे येऊन बघा. आई येणार म्हटलं की पोरं जेवत नाहीत, फाटकाशी बसून राहतात. वारली म्हटलं की आठ दिवस रडतात आणि मग जेवायला लागतात." त्यांचा आवाज दमलेला होता. ते खोटं बोलत नव्हते, हेच ऐकवत नव्हतं. दादा नुसता "सायमन, सायमन" म्हणत राहिला. पमेलाने विचारलं, काय म्हणतोय तो. कुणीच सांगेना. तेव्हा वहिनी दारातून पुढे आली, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. त्या खोलीत पमेलाशी खरं बोललेलं पहिलं माणूस ती.

पमेला उठली. दादाला म्हणाली, "तुम्ही खाली येऊन माझ्या मॅडमशी बोलाल का?" दादा तसाच, घरातल्या लुंगीवर, चपला घालून तिच्यामागे जिना उतरला. तेव्हा मालकाने सोडल्याशिवाय हा देश सोडता येत नसे. मॅडम आधी नाही म्हणाली, मग दुसरी बाई येईपर्यंत थांब म्हणाली. दादा ती बाई येईपर्यंत रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जात राहिला. हे कळल्यावर बारशाला हसलेली माणसं मधल्या शुक्रवारांना कमी झाली. मावशी यायच्या, पण त्यांचा सूर लागत नसे. पमेला येत राहिली, भांडी घासत राहिली. माझ्याशी ती नेहमीसारखी बोलायची, ताट दे, हे कुठे ठेवू. मुलाचं काही विचारत नव्हती.

एअरपोर्टवर आम्ही तिघं गेलो. वहिनीने आणलेले सगळे शर्ट एका बॅगेत भरले होते, ती बॅग तिने पमेलाला दिली आणि म्हणाली, "माप बरोबर आहे." दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही. दादा ट्रॉली ढकलत पुढे गेला. मी मागे राहिले, मला काहीतरी बोलायचं होतं, पण क्षमा हा शब्द इंग्रजीत फार लहान आहे, लिफ्टमध्ये धक्का लागल्यावर म्हणतात तेवढाच. म्हणून मी विचारलं, "मी फोन करू का तुला?"

तिने सासूच्या शेजाऱ्यांचा नंबर सांगितला, हळूहळू, मला पाठ होईपर्यंत दोनदा. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "कर. पण मला काही सांगू नकोस, नंदा. नुसतं विचार."

मी मान हलवली. नंबर मला अजून पाठ आहे. मी तो कधी लावला नाही.